हळदीच्या दिवशीचा गुंड

काकी आमच्या अंगणात यायची ती दोन्ही हात वर धरून. कोपरं अंगाला चिकटलेली, बोटं पसरलेली, जणू नुकतीच मेंदी लावली आहे. दाराची कडी ती कोपराने काढायची. नाकावर माशी बसली तर फुंकरीने उडवायची. पदर डोक्यावरून घसरला की माझ्या आईला हाक मारायची, "बाई, पदर सावर वं माहा. हात धुतलेले हायेत."

आपण हात धुतो आणि लगेच पदराला पुसतो. काकी धुतलेले हात पदरालाही लागू द्यायची नाही, वाऱ्यावर वाळवायची. अशी बाई तुम्ही पाहिली असेल तर ती भंडाऱ्यातलीच असेल, आणि पितळेच्या कामातलीच.

आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये कमरेएवढी एक भिंत होती. पितळेची भांडी घडवणाऱ्यांची जुनी गल्ली, तिच्या शेवटाला ही दोन घरं. गल्लीत सकाळपासून हातोडे चालायचे, म्हणून तिथली माणसं घरातल्या घरातही ओरडूनच बोलायची. काकांचे कान त्या आवाजात कधीच गेले होते. काकीने "जेवाले चला" म्हणून हाक मारली की दुसऱ्या घरचे पुरुषही हातोडा खाली ठेवायचे.

त्या गल्लीत माझाच आवाज तेवढा कोणाला ऐकू यायचा नाही. मी चौथीपर्यंत शिकले. बाई प्रश्न विचारायच्या, उत्तर मला येत असायचं, पण उभी राहिले की तोंड उघडायचं नाही. पुढे आईसोबत घरी विड्या वळायला बसले. त्या कामात बोलावं लागत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. हात विड्या वळायचे आणि डोळे काकीच्या अंगणात असायचे.

पाणी भरायचा पितळी गुंड सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो दोन तुकड्यांचा असतो हे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. खालचं अर्धं वेगळं, गळ्यासकट वरचं अर्धं वेगळं. ही अर्धी व्यापाऱ्याकडून काका-काकींकडे यायची आणि त्यांनी ती जोडून द्यायची. काका एका काठाला कात्रीने दाते पाडायचे. एक दाता आत, एक बाहेर असं वाकवून दुसरा काठ त्यांच्यामध्ये बसवायचे आणि ठोकून सपाट करायचे. तिथून पुढे काकीचं काम. ती सांध कानशीने घासायची, चिंचेने उजळायची, धुवायची, आणि मग तिच्यात बोटाने झाळ भरायची. झाळ म्हणजे लवकर वितळणाऱ्या पितळेचा चुरा, टाकणखाराच्या पाण्यात कालवलेला.

मग गुंड भट्टीवर जायचा. काका एका हाताने पंखा फिरवायचे आणि दुसऱ्या हातातल्या सांडशीने गुंड हळूहळू वळवायचे. आधी टाकणखार दुधासारखा फसफसून वर यायचा, मग खाली बसून काचेसारखा व्हायचा. गुंड लाल व्हायचा. आणि मग एकदम हिरवट ज्योत उठायची आणि झाळ वितळून पळायची. पाणी उताराकडे जातं. झाळ चढावरही जायची. जिथे दोन पत्रे अंगाला अंग लावून असतील तिथे ती शिरायची. ताप कमी पडला तर दाणे तसेच बसून राहायचे, जास्त झाला तर गुंडालाच भोक पडायचं. काकी श्वास धरून बघत असायची. झाळ पळाली की म्हणायची, "ओळखलं!"

"पितळ पितळाले ओळखते," ती भिंतीवरून आईला सांगायची. "मधात तेलाचं बोट आलं का तोंड फिरवते. मंग वरून जुळल्यावानी दिसते, पन जुळत नाई."

निवलेला गुंड पाण्याने भरून ती अंगणात कोरड्या राखेवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून खालची राख बघायची. राख कोरडी असली तर गुंड व्यापाऱ्याकडे जायचा. तिच्या गुंडाखालची राख ओली झालेली मी कधी पाहिली नाही. हे गल्लीलाही माहीत होतं आणि तिलाही. दुसऱ्या कोणाचा गुंड गळका निघाला की ती हात वर धरून त्यांच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "कोनाचं बोट होतं?"

या बोटांपायी तिने केसांना तेल लावणं सोडलं होतं. केस धानाच्या वाळक्या तणसासारखे, पेंढ्यासारखे. आमच्याकडे तेल न घातलेल्या, मूल नसलेल्या बाईला लोक काय काय म्हणतात ते मी लिहीत नाही. ती समोर असताना म्हणत नसत, पण गल्लीच ओरडून बोलणारी. तिला ऐकू जायचंच. एकदा आई म्हणाली, "सणाचं तरी लावत जा वं थोडंसं." काकी म्हणाली, "देव माह्या डोक्याले पाह्यते का? देव तं हाताले पाह्यते." आणि काकांकडे वळून ओरडली, "काय हो, तुमाले चालते ना असं डोस्कं?"

काका म्हणाले, "चाळीस गुंड झाले. व्यापारी उद्या नेईन."

काकी इतकी हसली की धुतलेले हात विसरून तिने पोट धरलं, आणि मग पुन्हा हात धुवायला गेली.

माझं लग्न सानगडीला ठरलं. धानाची शेती असलेलं घर. लग्न ठरलं त्या दिवशीच काकीने आईला सांगून टाकलं, "हिच्या आंदनाचा गुंड माह्या घरून." पण लगनसराई म्हणजे त्यांच्या भट्टीला उसंत नसते. साऱ्या जिल्ह्याच्या नवरींचे गुंड जोडून जात होते आणि माझ्या गुंडाची दोन अर्धी काकीच्या खुंटीखाली तशीच. "होते, होते," ती म्हणायची. "लोकायचे होऊ दे."

हळदीचा दिवस आला तरी ती अर्धी तिथेच होती.

पहिली हळद कोणी लावायची यावरून बायकांमध्ये थोडी कुजबुज झाली. काकीचं नाव आईने घेतलं. एक आजी म्हणाली, "लेकरूबाळवाली कोनी नाई का?" आई क्वचितच आवाज चढवायची. त्या दिवशी चढवला. "माही पोरगी तिच्या भिंतीले तोंड करून मोठी झाली. तीच लावन."

काकी आली, हात वर धरून. माझ्यासमोर बसली. आणि तेलात कालवलेल्या हळदीच्या वाटीत तिने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. मी तिच्या हातांना तेल लागलेलं पहिल्यांदा पाहत होते. तिने माझं तोंड माखलं, हात माखले, पाय माखले. मी पाय आखडून घेतले तर म्हणाली, "लाजते काय वं? नवऱ्याले दाखवाचेच हायेत." सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली. तिची बोटं खरखरीत होती, तेलाने मऊ होत होती. तिने फार वेळ लावला. दुसऱ्या बाया आपली पाळी येण्याची वाट पाहत ताटकळल्या.

मग ती उठून थेट आपल्या अंगणात गेली आणि हात धुवायला लागली. राखेने, साबणाने, चिंचेने. मी पाटावर बसलेली, अंगावर दुसऱ्या बायकांचे हात, पण मला भिंतीपलीकडचं सगळं दिसत होतं. ती धुवायची, वास घ्यायची, परत धुवायची. नखं पिवळीच राहिली होती.

आई भिंतीपाशी जाऊन म्हणाली, "आज राहू दे. नाई तं दुसऱ्या कोनाले भरू दे."

"हिच्या गुंडाले दुसऱ्याचं बोट लागू देऊ?" काकी म्हणाली. "पाह्य, धुतले मी."

सांध तिनेच भरली. काकांनी तापवला. गाण्यांच्या गडबडीत मला "ओळखलं" ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली असेल. पंगती बसल्या तेव्हा गुंड राखेवर भरून ठेवला आणि पंगती उठल्यावर उचलला. राख कोरडी होती. रात्रभर ठेवायला वेळ कुठे होता? पुसून, हळदकुंकू लावून तिने तो माझ्या आंदणात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात परत वर धरलेले.

सासरी पहिल्या दिवशी मी त्याच गुंडात विहिरीचं पाणी आणलं. थेंब गळला नाही. सासूबाईंनी शेजारणींना गुंडावर टिचकी मारून दाखवली. "भंडाऱ्याची पितळ हाये." गुंड भरून घडवंचीवर राहिला.

घरात पाहुणे अजून होते, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी चार-सहा बायकांसोबत मी पाण्याला गेले. गुंड भरला, कमरेवर घेतला, आणि वाटेने येताना मांडीला गार लागलं. वाटलं, तोंडातून हिंदकळलं असेल. मी चाल हळू केली. पण पाणी काठावरून येत नव्हतं. गुंडाच्या पोटातून, बरोबर मधल्या रेघेतून झिरपत होतं. बघता बघता लुगडं कमरेपासून खालपर्यंत ओलं झालं, पायाला चिकटलं, आणि माझ्यामागे धुळीत ओली रेघ उमटू लागली.

मागून एक बाई ओरडली, "नवरीबाई, घरापर्यंत तरी दम धराचा होता वं!"

हसण्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पारावरची माणसं वळून बघू लागली. मी गुंड खाली ठेवून "हा गळतो आहे" एवढंच म्हणायला हवं होतं. तीन शब्दांचं काम. पण शाळेत उभी राहिल्यावर जसं व्हायचं तसंच झालं. मी तशीच चालत घरी आले. त्या वाटेची लाज अजून माझ्या अंगावरून वाळलेली नाही.

नंतर सगळ्यांना कळलं की गळका गुंड होता, मी नव्हे. पण नाव पडायचं ते पडलं. विहिरीवर मी दिसले की कोणीतरी म्हणायचं, "सरका वं, गळकी आली." मूल झालं तरी ते नाव गेलं नाही. सासूबाई वाईट नव्हत्या, पण चारचौघांत हसू झालेलं त्यांनाही लागलं होतं. "माहेरचं सारं असंच का?" त्या म्हणाल्या. गुंड कोपऱ्यात गेला. त्यात लाखोरीची डाळ भरून ठेवली.

आणि मला लाज वाटायची ती एकट्या माझ्या लुगड्याची नव्हती. काकीच्या हाताच्या कामाला लोक टिचकी मारून हसत होते, आणि ती तिकडे भंडाऱ्यात दुसऱ्यांच्या दारात उभी राहून "कोनाचं बोट होतं?" विचारत असेल, हे मनात आलं की घास उतरायचा नाही.

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले. काकी भिंतीवरून वाकलीच. "पानी कसं लागते वं माह्या गुंडातलं?"

मी मान हलवली.

"मान काय हालवते? बोल ना!"

"थंड," मी म्हणाले.

"थंड लागते म्हनते!" तिने साऱ्या गल्लीला सांगितलं.

काका भट्टीपासून ओरडले, "कोनाले थंडी वाजून राह्यली?" आणि घोंगडी आणायला आत गेले. काकी हसत होती. मीही हसले.

दर माहेरपणाला ती विचारायची. "थंड" एवढाच शब्द मला यायचा.

मग स्टीलचे दिवस आले. दुकानांत पांढरी भांडी चमकू लागली, व्यापाऱ्याचं काम कमी झालं. काका-काकी शिल्लक गुंड एस. टी.त घालून गावोगावच्या बाजारांना नेऊ लागले. असंच एका बाजाराच्या दिवशी काकी आमच्या सानगडीच्या दारात उभी राहिली. धानाचं रोवणं आटोपलं होतं, सगळे घरीच होते. काका बाजारात मालापाशी बसले होते. ती उन्हातून चालत आलेली, केस तसेच भुरभुरे. माझ्या पोरीच्या गालाला बोट लावलं, खाटेवर बसली आणि म्हणाली, "आधी माह्या गुंडातलं पानी दे वं. मंग बोलू."

मी जागची हलले नाही. सासूबाई सूप घेऊन धान पाखडत होत्या. मी काकीला काही सांगितलेलं नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, "गुंडात लाखोरी हाये ना, विहीनबाई. पानी नाई राहात त्यात."

"काहून?"

"काहून म्हंजे? गळते."

काकीने माझ्याकडे पाहिलं. "कवापासून?"

मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते.

"तुले इचारून राह्यली मी."

"लग्न झालं तेव्हापासून," मी म्हणाले.

ती उठली, कोपऱ्यात गेली, गुंड उजेडात ओढून आणला आणि त्याच्या पोटावरच्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवत राहिली. एका जागी नख थांबलं. "पहिल्या दिसी राह्यलं होतं पानी?"

"हो."

"मंग गळाले लागलं."

"हो."

ती खाली बसली. "झाळ नव्हतीच तिथं," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा हळू ऐकला. "टाकनखाराची काच बसली होती नुसती. काचेनं दोन दिवस पानी धरलं. मंग काच इरघळली." तिने दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. "हळदीचे हात होते. धुतले म्हनून भरली मी."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "हळद लावली म्हनून गळला म्हनता? मंग काय पोरीले हळदच लावाची नव्हती?" त्यांनी लगबगीने माठातलं पाणी लोट्यात आणून काकीपुढे धरलं. "प्या तुमी. लाखोरीले चांगला हाये तो. किडा नाई लागत."

काकीने पाणी प्यायलं नाही. तेवढ्यात पाणी भरून आलेली शेजारची बाई दारातून डोकावली आणि मला म्हणाली, "काय वं गळके, पाहुने आले का?" ती सवयीने म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. पण काकीने ऐकलं. तिने एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा गुंडाकडे, आणि मग माझ्याकडे. मला वाटलं जमीन दुभंगावी. इतकी वर्षं मी जे झाकून ठेवलं होतं ते एका हाकेत उघडं पडलं.

तिने सूप ओढलं, गुंड उपडा करून सगळी लाखोरी त्यात ओतली आणि रिकामा गुंड काखेत मारला. सासूबाई नको नको म्हणत होत्या. काकी वाटेला लागली. मी पोरीला कडेवर घेऊन मागे.

एस. टी.च्या थांब्यावर बाजारची गर्दी होती. काका पथारी गुंडाळून झाडाखाली उभे होते. आमच्या विहिरीवरच्याही बायका होत्या, साकोलीला निघालेल्या. त्यांतली एक म्हणाली, "हा तं गळकीचा गुंड! कुठं चालला?"

मी पदर ओढून घेतला. काकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. गुंड दोन्ही हातांनी वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. आणि हातोड्यांच्या गल्लीत बोलायची तशी, त्याच आवाजात म्हणाली, "हा मी जोडला होता. माह्या हातानं गळका झाला. पोरीचं काही नाई त्यात. आजपासून कोनी गळकी म्हनाचं असन तं मले म्हना."

काका जवळ आले आणि मोठ्याने विचारलं, "काय झालं?"

"माहा गुंड गळला!" ती त्यांच्या कानाशी ओरडली. तेही सगळ्यांनी ऐकलं.

काकांनी गुंडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तो तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या खांद्यावर घेतला. गाडी आली. खिडकीतून तिने मला म्हटलं, "जोडून पाठवीन. उद्याच खोलते."

त्या दिवसानंतर विहिरीवर मला कोणी त्या नावाने हाक मारली नाही. ज्या बाईने मला कधी दुखवलं नव्हतं तिने ते नाव उचलून नेलं होतं. मला मोकळं वाटायला हवं होतं. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

गुंड काही आला नाही. माहेरून बाबा आले की मी विचारायचे. ते म्हणायचे, "काकी म्हनते अजून एक दिवस पाह्यते." पुढच्या खेपेलाही तेच. माहेरी जायचं म्हटलं तर कधी शेतीचं काम, कधी पोरीचा ताप. आणि खरं सांगायचं तर मला तिच्यासमोर उभं राहायला धीर होत नव्हता.

एका पावसाळ्यात ती तापाने गेली. वाट बंद होती, निरोप उशिरा पोचला. मी गेले तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

काका अंगणात भिंतीला टेकून बसले होते. भट्टी थंड होती, पंख्याला जाळं धरलं होतं. छपरीखाली राखेचा चौकोन, आणि त्यावर माझा गुंड. काठोकाठ भरलेला.

मी त्यांच्याजवळ बसले. ते मोठ्याने बोलू लागले, स्वतःशी बोलल्यासारखं. "आली तसाच खोलला तिनं. घासला, भरला, मी तापवला. झाळ पळाली, म्या पाह्यली. ओळखलं म्हन, म्हटलं. नाई म्हने. भरून ठेवला. सकाळी राख कोरडी. म्हटलं, दे पाठवून. तं म्हने, अजून एक दिवस. पहिल्या खेपेलेबी कोरडीच होती म्हने." त्यांनी गुंडाकडे बोट केलं. "रोज पानी बदले. रोज राख पाहे. पाठवाचा धीर नाई झाला. म्हटलं, अवं, तेल काय भट्टीत राह्यते का? जळून जाते. माहा ताप कमी पडला असन, पंगतीले जाची घाई होती मले. तं म्हने, नाई, माहे हात होते. माहा ताप होता, मी म्हनो. माहे हात होते, ती म्हने. जाईपर्यंत तेच." मग म्हणाले, "तिच्यामागं मीच बदलतो पानी. काय करता?"

मी उठले. गुंड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला आणि खालच्या राखेत हात घातला. राख चाळून पाहिली. पिठासारखी कोरडी होती, अगदी मधोमध, सांधीच्या खालीसुद्धा. अंगठ्याने मी ती रेघ सगळीकडून चाचपली. कुठे ओल नव्हती.

"गळत नाही, काका," मी म्हणाले.

त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हनते?"

"गळत नाही."

"मोठ्यानं बोल वं. ऐकू नाई येत."

मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. कुठून आवाज आला मला माहीत नाही. "गळत नाही काका! काकीचा गुंड गळत नाही! राख कोरडी आहे!"

गल्लीतले हातोडे थांबले. कोणाला वाटलं भांडण लागलं, कोणाला वाटलं अजून कोणी गेलं. एकेका दारातून बायका बाहेर आल्या, पुरुष आले, आई भिंतीशी धावत आली. सगळे माझ्याकडे बघत होते. माझं तोंड आगीसारखं तापलं, मी पदराने झाकून घेतलं आणि पदराच्या आडून पाहिलं.

सगळ्या दारांत माणसं उभी होती. काकीच्या दारात कोणी नव्हतं.